मोजमाप पुस्तकाबाहेरची तार

सार्वजनिक बांधकामाच्या कोणत्याही निविदेचे दस्तऐवज उघडून त्यातील पोलादी सळईविषयीचे कलम शेवटपर्यंत वाचले, तर त्याच्या अखेरीस बहुधा एक लहानसे वाक्य आढळते. त्याचा आशय असा की, सळया एकमेकींस बांधण्यासाठी जी मऊ तार लागते तिचे मोजमाप स्वतंत्रपणे घेतले जाणार नाही आणि तिची किंमत सळईच्या दरातच अंतर्भूत समजण्यात येईल. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या विनिर्देशांतही हीच वहिवाट आहे, आणि हिशेबाच्या सोयीच्या दृष्टीने ती समजण्यासारखीही आहे, कारण शाखा अभियंत्याने प्रत्येक गाठीचे वजन करीत बसावे अशी अपेक्षा कोणीच करणार नाही. परंतु ज्या जिनसेची नोंद मोजमाप पुस्तकात होत नाही, तिच्याविषयी विचारपूस करण्याचा अधिकार आणि ती करण्याचे कर्तव्य या दोहोंचाही कालांतराने विसर पडतो. ती कोठून आली, किती जाड होती, किती उरली आणि उरलेली कोठे गेली, हे प्रश्न मग दफ्तरात कोणी उपस्थित करीत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन अरण्यप्रधान जिल्ह्यांत खाणींच्या निमित्ताने आज जे अवाढव्य बांधकाम चालू आहे, तेथे हा विसर फार महाग पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे; आणि निदान खाणींच्या बांधकामात तरी बांधणीच्या तारेला स्वतंत्र बाब म्हणून मोजावे, तिचे स्वतंत्र दाम द्यावे व तिचा जमाखर्च ठेवावा, ही मागणी मी येथे मांडीत आहे.

कामावरचे लोक या तारेला बाइंडिंग वायर म्हणतात, किंवा नुसतीच काळी तार म्हणतात. सुमारे साडेपाच मिलिमीटर जाडीचा पोलादी गोल दांडा एकाहून एक लहान छिद्रांच्या साच्यांतून ओढीत ओढीत ती बारीक केली जाते. या ओढण्यात धातूला जो ताठपणा येतो तो घालविण्यासाठी ती भट्टीत तापवून सावकाश थंड होऊ द्यावी लागते, आणि या शेवटल्या संस्कारानेच तिला तो मऊपणा व तो काळसर रंग प्राप्त होतो. कारखानदाराने इंधन वाचविण्यासाठी भट्टीतील वेळ कमी केला, तर तार दिसायला काळीच दिसते, परंतु हाताला ताठ लागते. पिळली की उसळते, आणि आणखी पिळली की तुटते. उलट तापविताना हवा मोकळी खेळू दिली, तर तिच्यावर जाड पापुद्रा चढतो, जो गाठ मारताना झडतो आणि खालचा उघडा धातू पहिल्याच पावसात गंजू लागतो. म्हणजे तारेचा सारा गुणावगुण तिच्या या अखेरच्या संस्कारात आहे, आणि तो संस्कार नुसत्या दृष्टीला दिसत नाही.

या तारेचे कार्यही विलक्षण आहे. काँक्रीट घट्ट झाल्यावर तिच्यावर कसलाच भार उरत नाही. तो सळयांनी आणि काँक्रीटने वाहायचा असतो. तिचे काम काँक्रीट ओतण्याच्या त्या एका दिवसापुरते असते, परंतु त्या दिवशी मजुरांच्या पावलांखाली, कंपनयंत्राच्या थरथराटात आणि ओल्या काँक्रीटच्या रेट्यात प्रत्येक सळई अभियंत्याने नकाशात दाखविलेल्या जागी राहिली पाहिजे, याची संपूर्ण जबाबदारी तिच्यावर असते. भिंतीतून बाहेर झेपावणाऱ्या सज्जाचे उदाहरण घ्या. अशा सज्जात ताण वरच्या अंगाला असतो, म्हणून मुख्य सळयाही वरच असाव्या लागतात. गाठी सैल असल्या, माणसे सळयांवरून चालली आणि त्या दोन-अडीच इंच खाली दबल्या, तर जेथे पोलाद हवे तेथे ते नसते; मग पोलाद कितीही उत्तम असो, सिमेंट कितीही ताजे असो, सेंट्रिंग काढताच तो सज्जा खाली येण्याचा संभव असतो. अशा अपघाताची चौकशी झाली म्हणजे सळईचे व काँक्रीटचे नमुने प्रयोगशाळेत जातात, परंतु तारेचा नमुना मागविण्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही.

गेल्या हिवाळ्यात एटापल्ली तालुक्यातील एका मोरीच्या कामावर मी अर्धा दिवस बसलो होतो. सळई बांधणारा पन्नाशीतला मनुष्य होता. उजव्या हातात लोखंडी आकडी, कमरेला तारेच्या दुहेरी तुकड्यांची जुडी. तो एक चौक बांधी आणि दुसरा सोडून देई. मी कारण विचारले तेव्हा हातातले काम न थांबविता तो म्हणाला, “तार कडक हाये जी भाऊ, तिसऱ्या पिळाले तुटते. सारे चौक बांधत बसलो तं टनाची मजुरी कवा निघंल?” त्याच्या बोटांच्या पेरांवर बारीक चिरांची जाळी होती, आणि त्या चिरा तारेनेच पाडलेल्या होत्या. त्याच्या या एका उत्तरात सगळा प्रश्न सामावलेला आहे. त्याला मजुरी टनामागे मिळते, गाठीमागे नव्हे. तार त्याने निवडलेली नसते, ती कंत्राटदाराच्या पुरवठादाराने धाडलेली असते. आणि तुटणाऱ्या तारेचा वेळ मात्र त्याच्या पोटातून वजा होतो. मग तो गाठी सोडतो, आणि सोडलेल्या गाठी काँक्रीटखाली कायमच्या झाकल्या जातात. यात त्याचा दोष काढणे मला अन्यायाचे वाटते.

आता थोडा हिशेब मांडू, कारण या विषयात भावनेपेक्षा गणितच अधिक बोलके आहे. सामान्यतः एक टन सळई बांधण्यास सुमारे ८ ते १० किलो तार लागते, असा कामावरचा ठोकताळा आहे. आपल्याकडे प्रचलित असलेली १८ गेजची तार १.२२ मिलिमीटर जाड असते. पोलादाच्या घनतेवरून तिचे वजन मीटरला ९ ग्रॅमांहून किंचित अधिक भरते, म्हणजे एका किलोत सुमारे १०९ मीटर तार येते. एका गाठीला फूटभर तार धरली आणि तूट वजा केली, तरी एका टन सळईत तीन हजारांच्या आसपास गाठी बसतात. हजार टन पोलादाच्या एखाद्या प्रकल्पात दहा टन, म्हणजे १,०९० किलोमीटर तार खपते; चंद्रपूरपासून मुंबईपर्यंतचे अंतर याहून कमी आहे. आणि तरीही तिचे वजन सळईच्या शंभराव्या हिश्शापलीकडे जात नाही. तार किलोमागे चार आणे स्वस्त मिळविण्याऐवजी तिची किंमत थेट एक चतुर्थांशाने उतरली असे मानले, तरी पोलादाच्या एकूण खर्चात त्यामुळे जी बचत होईल ती पाव टक्क्याच्या आगेमागे असेल. एवढ्याशा बचतीसाठी तीन हजार गाठींचा भरवसा घालविणे हा व्यवहार कोणत्याही हिशेबनिसाला मंजूर होण्यासारखा नाही. तो मंजूर होतो तो केवळ कोणी हिशेब मांडीतच नाही म्हणून.

या दोन जिल्ह्यांत काँक्रीटचा खप किती आहे, हे बाहेरच्या वाचकाला सहसा ठाऊक नसते. दगडी कोळशाच्या खाणींचे १९७३ साली राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये नागपूर येथे वेस्टर्न कोलफील्ड्सची स्थापना झाली, तेव्हापासून घुग्घुस, माजरी, बल्लारपूर, सास्ती, दुर्गापूर, पद्मापूर या नावांभोवती कोळशाचे सारे जग उभे राहिले आहे. तेथे कोळसा साठविण्याचे बंकर, तो वाहून नेणाऱ्या पट्ट्यांचे खांब, वजनकाट्यांचे चौथरे, पंपघरे, संरक्षक भिंती, मोऱ्या आणि कामगारांच्या वसाहती या साऱ्यांत सळई आणि तार लागतेच लागते. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीजकेंद्र २,९२० मेगावॅट क्षमतेचे आहे, गडचांदूर, आवारपूर व उपरवाही येथील सिमेंटचे कारखाने सर्वांना परिचित आहेत. गडचिरोलीत, जो जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला, सुरजागडच्या लोहखनिजाचे उत्खनन २०२१ पासून सलग चालू असून, २०२३ मध्ये तेथील वार्षिक उत्खननाची मर्यादा ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यास परवानगी मिळाली. चामोर्शी तालुक्यात कोनसरी येथे पोलादाचा मोठा प्रकल्प उभा राहत आहे. एवढ्या बांधकामाच्या जिल्ह्यांत तारेसारख्या जिनसेविषयी निश्चित धोरण नसावे, हे मला अनाकलनीय वाटते.

त्यातही येथला पाऊस. गडचिरोलीच्या दक्षिण भागात जून ते सप्टेंबर हे चार महिने काम करण्याचे नसून केवळ वाट पाहण्याचे असतात; पर्लकोटा नदीला पूर आला म्हणजे भामरागडचा संपर्क तुटतो, आणि हे जवळजवळ दरसाल घडते. म्हणून कंत्राटदार मे महिन्यातच साहित्य आणून टाकतो. सिमेंटला छप्पर मिळते, सळई लाकडी ओंडक्यांवर ठेवली जाते, आणि तारेची बंडले मात्र छपराच्या कडेला, ओलसर भुईवर, ताडपत्रीचे टोक अंगावर घेऊन चार महिने पडून राहतात. सळईवर आलेला हलका गंज घासून काढता येतो, आणि पुष्कळदा तो काँक्रीटला बाधतही नाही, कारण सळई जाड असते. सव्वा मिलिमीटर जाडीच्या तारेची गोष्ट निराळी आहे: तिच्या पृष्ठभागाचा जो अंश गंजतो तो तिच्या एकूण जाडीचा फार मोठा वाटा असतो, आणि ऑक्टोबरात बंडल उघडले म्हणजे आतली तार वेढ्यावेढ्याला चिकटलेली, जागोजाग ठिसूळ झालेली निघते. यावर उपाय काही अवघड नाहीत. पावसाळ्यापूर्वी सबंध वर्षाची तार उचलू नये. जी उचलावी लागेल ती जमिनीपासून हातभर उंच फळ्यांवर, कोरड्या बंद खोलीत ठेवावी. बंडले लहान, शक्य तर २५ किलोंहून मोठी नसावीत, म्हणजे एक उघडले असता ते आठवड्यात संपते. आणि पावसाळ्यानंतर पहिली गाठ मारण्यापूर्वी तार पुन्हा एकदा तपासावी. ज्या ठिकाणी बांधलेला सापळा महिनोन्‌महिने उघडा राहणार हे आधीच ठाऊक असते, तेथे जस्त चढविलेली तार घेण्याचा खर्च योग्यच म्हणावा लागेल. इतरत्र मऊ आणि ताजी काळी तार पुरेशी आहे. आपल्याकडे समुद्राची खारी हवा नाही, आणि अनाठायी महागड्या तारेचा आग्रह धरण्याचे कारणही नाही.

तार कोठून आणावी, हा प्रश्न याहून नाजूक आहे. चंद्रपूरला ती मुख्यतः नागपूरच्या आणि रायपूरच्या बाजारांतून येते. त्या बाजारांच्या मागे भिलाईचा पोलाद कारखाना आणि छत्तीसगडातील असंख्य लहानमोठ्या गिरण्या आहेत. रायपूरचा माल वाईट असतो असे मुळीच नाही; तेथे उत्तम तारही मिळते आणि निकृष्टही मिळते, आणि दोन्ही एकाच रंगाच्या असतात. अडचण अशी की, आपला पुरवठा तीन-चार हातांमधून फिरून येतो, आणि बंडलावरची चिठ्ठी वाटेतच नाहीशी होते. कारखान्याचे नाव, तारेची जाडी, बनविल्याची तारीख आणि भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २८० या मानकाचा उल्लेख ज्या बंडलावर नाही, ते बंडल कामाच्या फाटकातून आत घेऊ नये, एवढा एकच नियम सर्व खाणप्रकल्पांनी पाळला, तर पुरवठादारांची साखळी आपोआप सुतासारखी सरळ येईल.

येथे इतिहासाची एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. १८८२ साली जमशेटजी टाटा यांच्या वाचनात एका जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल आला. त्यात चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातील लोहारा येथील लोहखनिजाची वाखाणणी केलेली होती आणि जवळच वरोऱ्याचा कोळसा होता. पुढे तो कोळसा पोलादाच्या भट्टीस योग्य ठरला नाही, आणि भारतीय पोलादाचा पहिला मोठा कारखाना आपल्या प्रांताऐवजी दूर पूर्वेला उभा राहिला. त्या गोष्टीस आता जवळजवळ दीडशे वर्षे होत आली, तरी लोहखनिजाचे डोंगर असलेल्या या जिल्ह्यांत सळयांच्या गाठी मारण्याची तार शेकडो किलोमीटरांवरून यावी, ही वस्तुस्थिती बदललेली नाही. तार ओढण्याचा आणि तापविण्याचा उद्योग हा काही पोलादाच्या भट्टीएवढा खर्चिक नसतो. तो चंद्रपूरच्या किंवा वडसा-देसाईगंजच्या औद्योगिक क्षेत्रात मध्यम भांडवलावर चालू शकतो. खाणींनी आणि शासकीय खात्यांनी दोन वर्षांच्या खरेदीची लेखी हमी दिली, आणि गुणवत्तेची अट ढिली केली नाही, तर असा उद्योग येथे उभा राहील, अशी माझी खात्री आहे.

गुणवत्ता पारखण्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेचीही प्रत्येक वेळी गरज नसते. कामावर एक सूक्ष्ममापी असावा आणि प्रत्येक बंडलाची तीन ठिकाणी जाडी पाहावी. कारण १८ गेजच्या नावाखाली २० गेजची तार आली, तर ती ०.९१ मिलिमीटरच भरते, आणि तिची ताकद जवळजवळ निम्मी होते. मग हातभर तार घेऊन तिचे एक टोक तिच्याच भोवती घट्ट आठ वेळा गुंडाळून परत उलगडावे. चांगली तार हे सहन करते, भट्टीतून अर्धवट निघालेली तार पाचव्या-सहाव्या वेढ्याला चरचरते. शेवटी सळई बांधणाऱ्या माणसाच्या हाती ती देऊन त्याचे मत विचारावे, आणि ते मत लिहून ठेवावे. माझ्या मते ही तिन्हींतली सर्वांत मोलाची परीक्षा आहे. गाठ मारल्यावर तिची टोके आतल्या बाजूस वळवावीत, हेही सर्वांना ठाऊक आहे आणि फार थोडे पाळतात. बाहेर राहिलेले टोक काँक्रीटच्या आवरणातून साच्यापर्यंत पोहोचते, प्रथम गंजते, आणि त्याच वाटेने पाणी सळईपर्यंत जाते. खाणीच्या परिसरातील पाण्यात विरघळलेले क्षार लक्षात घेता ही बेपर्वाई तेथे दुप्पट घातक ठरते.

या साऱ्याहून वेगळी, आणि या दोन जिल्ह्यांना विशेषेकरून लागू अशी एक बाब अद्याप राहिली. बांधकाम संपल्यावर तारेचे तुकडे, गुंतलेली वेढी आणि अर्धवट संपलेली बंडले कोठे जातात? तुकडे मातीत मिसळतात, आणि जंगलाच्या कडेला चरणाऱ्या गाईम्हशी गवताबरोबर ते गिळतात. असा अणकुचीदार तुकडा जनावराच्या पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात अडकतो आणि तेथून पडदा भेदून हृदयापर्यंत पोहोचू शकतो. जनावर चारा सोडते, कण्हते, आणि धन्याला कारण कळेपर्यंत वेळ निघून जाते. ज्या गावकऱ्याच्या हाती ती उरलेली लांब तार पडते, तो तिचे कुंपण करतो, झोपडीचा बांबू बांधतो, पळसाच्या मुळांच्या वाखाचे काम आता तारेने होते म्हणून समाधान मानतो, आणि यात आक्षेपार्ह काहीच नाही. परंतु हीच तार रानडुकराच्या वाटेवर फास म्हणून लावली जाते, किंवा उघडी ताणून तिच्यात वीज सोडली जाते, आणि मग त्या वाटेवरून डुक्कर येईल, वाघ येईल की पहाटे उठून निघालेला शेजारी येईल, हे त्या तारेला ठाऊक नसते. ताडोब्याच्या परिसरात विजेच्या तारेने मेलेल्या वाघांच्या वार्ता आपण वाचलेल्या आहेत, आणि माणसे मेल्याच्याही वाचलेल्या आहेत. ही सगळी तार बांधकामावरूनच जाते असे मी म्हणत नाही. परंतु जिच्या खर्चाचा कोठेच लेख नाही अशी स्वस्त, मऊ, सहज पिळता येणारी तार टनांनी जंगलाच्या कडेला आणून ठेवायची आणि उरलेली परत घ्यायची नाही, हे वनखात्याच्या बंदोबस्ताला छेद देणारे आहे. वनजमिनीवर प्रकल्पाला मंजुरी देताना झाडांची गणती होते, भरपाईची तजवीज होते. तारेच्या शिल्लकीची गणती त्याच कागदावर बसू शकते.

माझ्या मागणीस दोन आक्षेप येतील, हे मी जाणतो. पहिला असा की, एक नवी बाब मोजायची म्हणजे कारकुनी वाढते. याचे उत्तर असे की, गाठी मोजायच्या नाहीत. आत आलेल्या बंडलांचे वजन आणि शेवटी परत गेलेल्या शिलकीचे वजन, या दोन नोंदींवर काम भागते. दुसरा आक्षेप असा की, तार स्वतंत्रपणे देयकात आली म्हणजे कंत्राटदार ती फुगवून दाखवील. त्यावर टनामागे १० किलोंची कमाल मर्यादा घालता येते, आणि त्यापुढचा खर्च त्याच्याच पदरी ठेवता येतो. मर्यादेच्या आत चांगली तार वापरल्यास त्याचे नुकसान होत नाही, म्हणून स्वस्त तार शोधण्याचे त्याला कारणही उरत नाही.

यासाठी पैसा कोठून यावा, हा प्रश्नही सुटलेला आहे. २०१५ मध्ये खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन खाणबाधित जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करण्याची तरतूद झाली, आणि आमच्या दोन्ही जिल्ह्यांत त्या निधीतून शाळा, अंगणवाड्या व रस्ते यांची कामे होतात. त्याच निधीतून चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात तारेच्या परीक्षणाची एक लहान व्यवस्था, आणि गडचिरोलीत तिची एक शाखा उभी करणे, ही फार मोठ्या रकमेची दरखास्त होणार नाही. तेथील विद्यार्थ्यांना शिकावयास मिळेल, आणि खाणप्रकल्पांना आपल्या मालाची रुजुवात पाच-सात दिवसांत मिळेल.

म्हणून कार्यकारी अभियंत्यांना, खाणींच्या प्रकल्प अधिकाऱ्यांना आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या सभासदांना माझी विनंती आहे की, येत्या मार्चअखेरीच्या निविदांमध्ये सळईच्या कलमाखाली एक ओळ वाढवावी: बांधणीची तार, मऊ केलेली, १.२२ मिलिमीटर, आयएस २८० प्रमाणे, किलोग्रॅममध्ये, काम संपल्यावर शिल्लक परत.